चुकलेला कोपरा

आजीच्या वाकयीचा एक कोपरा चुकलेला आहे. आमच्या वऱ्हाडात ळ चा य होतो, म्हणून वाकळ नाही, वाकय. पुण्यात आलो तेव्हा रूममेटला ‘वाकय’ कळेना, मग मीही गोधडी म्हणायला लागलो. तर, त्या वाकयीचा धावदोरा काठापासून आत चौकोनी फेरे घेत जातो. तीन कोपऱ्यांवर तो काटकोनात वळतो. चौथ्यावर मात्र कोपरा यायच्या आधीच तिरपा कापून जातो आणि तिथे कापडाला चुण्या पडतात. शिवाय मधल्या चार-पाच ओळी पार भरकटल्यात, आणि एका काठाचं ठिगळ उसवून आतलं हिरवं लुगडं बाहेर डोकावतं.

दिवाळीत दर्यापूरजवळच्या गावी गेलो, तेव्हा आईचं ठरलं होतं की वाकय पूर्ण उसवायची आणि मशीनवर नीट शिवून आणायची. मी नको म्हणालो. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधून पोट भरणारा माणूस घरी येऊन ‘चूक राहू द्या’ म्हणतो, याचं आईला हसू आलं. जिने वाकय शिवली त्या आजीला आम्ही दोघांनीही विचारलं नाही. त्याकडे नंतर येतो.

रात्री मोबाईलवर शोधलं, तर पहिली गोष्ट सापडली ती अमेरिकेतल्या आमिश बायकांची. निर्दोष फक्त देव, म्हणून त्या प्रत्येक गोधडीत मुद्दाम एक चूक ठेवतात म्हणे. इराणी गालिच्यांबद्दलही हेच सांगतात. ऐकायला छान आहे. पण तिकडच्या गोधड्यांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी ही गोष्ट दंतकथेत काढली आहे. आणि ज्या बाईने आयुष्यात एकदा तरी वाकय शिवली, तिला हे सांगावंही लागणार नाही. चूक मुद्दाम कशाला ठेवायची? ती आपसूक होतेच.

दुसरी गोष्ट मात्र खरी आणि नोंदलेली आहे. 1814 साली बाल्टिमोरच्या किल्ल्यावर फडकलेला एक भलामोठा झेंडा वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे; अमेरिकेचं राष्ट्रगीत त्याच्यावरच लिहिलेलं. 1914 मध्ये तो फार जीर्ण झाला म्हणून अमेलिया फाउलर या बाईंच्या हाताखाली शिवणकाम करणाऱ्या बायकांनी त्याला मागून लिननचं अस्तर लावलं. टाके सुमारे 17 लाख. त्या काळच्या समजुतीनुसार काम उत्तम होतं. पण पुढे त्याच अस्तराचा आणि टाक्यांचा झेंड्याला त्रास व्हायला लागला आणि 1990 च्या दशकाच्या अखेरीस तज्ज्ञांना ते 17 लाख टाके एकेक करून काढावे लागले. आज जुनी वस्त्रं जपणारे लोक म्हणतात की जमेल तितका कमी हात लावा आणि जे कराल ते उद्या काढता आलं पाहिजे. आमच्या धंद्यात याला रोलबॅक म्हणतात. मशीनची बारीक, घट्ट टीप चार वेळा धुतलेल्या सुती लुगड्यातून परत काढायची म्हटली, तर टिपेबरोबर लुगडंही येतं.

आईला हा दाखला पटला नाही. तिचं म्हणणं, झेंडा कोणी अंगावर घेऊन झोपत नाही.

मग मला रिद्धपूर आठवलं. अमरावती जिल्ह्यातलं, मोर्शीकडचं हे गाव आता मराठी भाषा विद्यापीठामुळे बातम्यांत असतं. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या मागे म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांच्या आणि इतर अनुयायांच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केलं, त्या साऱ्या घडामोडींचं हे गाव. एकेका लीळेसाठी म्हाइंभट माणसं शोधत फिरले, असं परंपरा सांगते. पुढे, त्याच परंपरेनुसार, मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत हरवली आणि शिष्यांनी तो ग्रंथ आठवणीतून पुन्हा उभा केला. आता आठवण म्हटली की ती दोघांची सारखी नसते. इथे त्या लोकांनी जे केलं ते मला आजही थक्क करतं. फरक सारवून एकच गुळगुळीत गोष्ट तयार करण्याऐवजी त्यांनी वेगळी आठवण वेगळी म्हणून नोंदली. लीळाचरित्राच्या पाठांमध्ये ‘शोधु’, ‘वासना’ अशा खुणा येतात: हे असं आहे, पण अमक्यांच्या आठवणीत ते तसं आहे. म्हणजे उसवलेल्या जागी ठिगळ लावलं, पण ते कुणाचं आहे हे दिसत राहील असं लावलं.

पोथ्यांच्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट इंजिनिअरिंगला असताना कळली असती तर माझा इतिहासाचा तिटकारा आधीच गेला असता. दोन हस्तलिखितांचं नातं कसं ठरवतात? बरोबर मजकुरावरून ठरवता येत नाही, कारण बरोबर ते सगळ्यांचंच सारखं असतं. ते ठरवतात चुकांवरून. दोन पोथ्यांत एकाच जागी एकच विचित्र चूक असेल, तर बहुतेक वेळा दोन्ही एकाच आईच्या लेकी असतात. दोन लेखक आपापले तसेच चुकतील हा योगायोग क्वचित. हस्तलिखितांच्या वंशावळी अशा चुकांवरून मांडतात. एखाद्या हुशार नकलकाराने मधेच चूक ‘सुधारली’, तर तो दुवाच तुटतो.

हे वाचून मी उठलो आणि अकोल्याच्या मावसआजीकडे व्हिडिओ कॉल लावला. मावसआजी म्हणजे आजीची धाकटी बहीण. रात्रीचे दहा वाजलेले. तिच्या सुनेने कुरकुरत पलंगावरची वाकय उलगडून दाखवली. तीन कोपरे काटकोनात, चौथा तिरपा. चुण्या तशाच.

आता इथे थोडं थांबून कापसाबद्दल बोललं पाहिजे, नाहीतर वाकय म्हणजे नुसती माया आणि ऊब असा गोड समज होईल. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिलं. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी चालली, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर आपल्या काळ्या मातीकडे वळली. त्याच दशकात रेल्वे आली. अकोला, अमरावती, खामगाव इथले बाजार फुगले. गाठी बांधून कापूस मुंबईला आणि तिथून समुद्रापार जायला लागला. आणि कापूस पिकवणाऱ्या घरात थंडीला पांघरायला काय? विटलेल्या लुगड्यांचे थर. वाकयीत कापूस नसतो. कापूस असतो रजईत. ती पिंजाऱ्याकडून भरून घ्यावी लागते आणि त्याला पैसे पडतात. कपाशीच्या शेतात निंदणाऱ्या आमच्या पणजीने रजई कधी अंगावर घेतली असेल असं वाटत नाही.

वऱ्हाडात चिंध्यांचा विषय निघाला की गाडगेबाबा आठवतातच. जन्म 1876, शेंडगावचा, आमच्याकडून फार लांब नाही. लहानपण मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात मामाकडे गेलं. 1905 मध्ये घर सोडलं आणि अंगावर चिंध्या जोडलेलं पांघरूण, हातात गाडगं आणि खराटा घेऊन गावोगाव फिरले. लोक त्यांना गोधडेबाबा, चिंधेबाबा म्हणत. 20 डिसेंबर 1956 ला अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ त्यांनी देह ठेवला. माझ्या डिग्रीच्या कागदावर त्यांचं नाव आहे, कारण विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. ज्यांना लोक चिंध्यांवरून ओळखत, त्यांचं नाव आम्ही लॅमिनेट करून फाइलमध्ये ठेवतो.

सकाळी मी हा सगळा माल घेऊन आजीकडे गेलो. ब्याऐंशीची आजी ओसरीवर बसली होती. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, तरी सुई दिसत नाही. लहानपणी तिने गाडगेबाबांचं कीर्तन ऐकलं आहे, म्हणून मी तिथूनच सुरुवात केली: ठिगळं हेच वाकयीचं सौंदर्य, बाबांनीही चिंध्याच पांघरल्या, वगैरे.

“त्यायनं मनानं घातल्या बापा,” आजी म्हणाली. “आमच्या घरी दुसरं नोतंच.”

यावर मला काही बोलता आलं नाही. मग तिने वाकय मांडीवर घ्यायला लावली आणि बोटांनी चाचपत त्या भरकटलेल्या मधल्या ओळींवर आली. “हे उसव. मले दिसत नोतं तई शिवलं हे. कोणाले दाखवू नको.”

मी म्हणालो, राहू दे ना आजी, तुझ्या हाताचं आहे.

“माह्या हाताचं हाये म्हणूनच म्हणतो ना. माहा हात असा नोता.”

रात्रभर मी ज्याला पुरावा म्हणत होतो, ती तिच्या लेखी लाज होती. संग्रहालयातला झेंडा शिवणारी बाई कधीच गेली, रिद्धपूरचे लेखक गेले. चूक ठेवा की काढा हे आता त्यांना विचारता येत नाही, म्हणून आपण नियम करतो. इथे शिवणारी समोर बसली होती, आणि मी तिच्या चुकीचा मालक होऊन बसलो होतो. आईही तेच करत होती, फक्त उलट्या बाजूने.

“आणि हा कोपरा?” मी तिचं बोट तिरप्या शिवणीवर ठेवलं. “हाही उसवू?”

तिने चुण्यांवरून दोनदा बोट फिरवलं. “याले कायले उसवतं? हे चूक नोय. माही माय अशीच वयवे. शेवटचा कोपरा आला का दोरा असाच कापून ने. आमी दोघी बहिनी तिच्याजवयच शिकलो.”

तिची माय तसं का वळवत असे, ते तिला ठाऊक नव्हतं. दोरा वाचवायला असेल, ती म्हणाली. किंवा तिच्या मायनेही तसंच केलं असेल.

मशीनवाल्या बाईंकडे वाकय गेली नाही. मधल्या ओळी मी ब्लेडने उसवल्या, दोन दुपारी लागल्या. नव्या ओळी आई घालते आहे, हाताने, जाड सुती दोऱ्याने. ठिगळही तिने बसवलं. दोरा लाल घेतला आहे, म्हणजे कुठलं आजीचं आणि कुठलं आईचं हे दिसेल. आजीला रंग दिसत नाही, पण ती रोज संध्याकाळी ओळीवरून बोट फिरवते आणि एखादा टाका लांब पडला असेल तर आईला परत काढायला लावते.