आवारातील फरसबंदी

आवारातील फरसबंदी म्हणजे फाटकापासून घरापर्यंतचा मार्ग व वाहने उभी करण्याची जागा दगड, काँक्रीट किंवा ठोकळ्यांनी आच्छादणे होय. अशा फरसबंदीचे आयुष्य वरच्या थरापेक्षा तिच्या पायावर आणि पाण्याच्या निचऱ्यावर अधिक अवलंबून असते.

पाया

महाराष्ट्राच्या पठारी भागातील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट बसवलेली फरशी उचलली जाते किंवा खचते. म्हणून माती पुरेशी खोदून काढतात, मुरूम व खडीचे थर पाणी मारून धुम्मसाने अथवा रोलरने दाबतात आणि त्यानंतरच वरचे काम हाती घेतात.

साहित्य

शहाबादी फरशी हा कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातला चुनखडक आहे. ती स्वस्त व थंड असते; मात्र खाली पोकळी राहिल्यास चाकाच्या भाराने तडकते. काळा पाषाण अर्थात बेसाल्ट कठीण व टिकाऊ असतो, पण वापराने गुळगुळीत होतो. कोकण व गोव्यात सहज मिळणारा जांभा सच्छिद्र असल्याने त्यावर शेवाळ लवकर धरते. अखंड काँक्रीटमध्ये ठरावीक अंतरावर सांधे न ठेवल्यास तडे जातात.

काँक्रीटच्या ठोकळ्यांना व्यवहारात पेव्हर ब्लॉक म्हणतात. त्यांच्यासाठी आयएस १५६५८ हे भारतीय मानक आहे. त्याच्या २००६ च्या आवृत्तीनुसार हलक्या वाहतुकीसाठी ६० मिलिमीटर जाडीचे, एम-३५ प्रतीचे ठोकळे सुचवले आहेत. ठोकळे वाळूच्या पातळ थरावर बसवून सांध्यांत बारीक वाळू भरतात. कडेला पक्की किनार नसल्यास ठोकळे हळूहळू बाहेर सरकतात. दुरुस्तीच्या वेळी ते काढून पुन्हा बसवता येतात, हा त्यांचा मोठा लाभ होय.

पाण्याचा निचरा

दर ५० ते ६० सेंटिमीटरला सुमारे १ सेंटिमीटर उतार इमारतीच्या विरुद्ध दिशेला द्यावा लागतो. संपूर्ण आवार आच्छादल्यास पावसाचे पाणी जमिनीत न मुरता रस्त्यावर वाहून जाते. जाळीदार ठोकळ्यांत हिरवळ किंवा खडी भरल्याने काही पाणी मुरते. बुंध्यापर्यंत आलेल्या फरसबंदीने झाडांच्या मुळांना हवा व पाणी कमी मिळते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतालचे १ मीटर परिसरातील काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता.

देखभाल

पावसाळ्यापूर्वी नाल्या साफ करणे, खचलेला भाग उचलून पाया पुन्हा दाबणे आणि सांध्यांतील वाहून गेलेली वाळू भरणे ही मुख्य कामे होत. केवळ वरून सिमेंट लिंपल्याने खचण्याचे कारण दूर होत नाही. शेवाळ कडक ब्रशने घासून काढतात. शहाबादी व कडप्पा हे चुनखडक असल्याने आम्लयुक्त द्रावणाने त्यांचा पृष्ठभाग झिजतो. काँक्रीटलाही त्यामुळे हानी पोहोचते. नव्या ठोकळ्यांवर दिसणारे पांढरट क्षार बहुधा काही काळाने आपोआप नाहीसे होतात.