शुश्रूषेतील अदब आणि हिंमत



चांगल्या परिचारिकेच्या अंगी कोणते गुण असावेत, असे कोणी विचारले तर आपण चटकन सांगू : दया, सोशिकपणा आणि आज्ञाधारकपणा. यातील तिसऱ्या गुणाविषयी विद्यापीठांतील संशोधकांनी जे मांडले आहे, ते मुलीला या पेशात धाडू इच्छिणाऱ्या, तसेच धाडण्यास कचरणाऱ्या पालकांनी अवश्य जाणून घ्यावे.

सन १९६७ मध्ये लिओनार्ड स्टाइन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी 'डॉक्टर-नर्स खेळ' या आशयाचा निबंध प्रसिद्ध केला. त्यात रात्रीचा एक प्रसंग आहे. वडिलांच्या निधनाची बातमी त्याच दिवशी कळलेल्या एका रुग्ण स्त्रीला झोप लागत नाही. परिचारिका डॉक्टरांना फोन करते. काय द्यावे हे तिला ठाऊक आहे, पण ती केवळ हकिगत सांगते. पूर्वी कशाने गुण आला होता, असे डॉक्टर विचारतात. ती औषध व मात्रा सांगते आणि तेच औषध डॉक्टर आपला हुकूम म्हणून फर्मावतात. सल्ला तिचा, मान त्यांचा! आपल्या घरांतूनही हा खेळ चालतोच म्हणा. परंतु रुग्णालयात जेव्हा इशारा कळत नाही, तेव्हा किंमत रोग्याला मोजावी लागते.

१९८६ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी १३ रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांतील ५,०३० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आजाराची तीव्रता हिशेबात धरूनही काही ठिकाणी मृत्यू अपेक्षेहून कमी, तर काही ठिकाणी जास्त आढळले. हा फरक खास उपचारपद्धतींपेक्षा डॉक्टर व परिचारिका यांच्यातील मेळाशी अधिक निगडित होता.

हा मेळ केवळ नियमांनी येत नाही. तिथे स्वभावाची घडण लागते. ॲरिस्टॉटलचा सद्गुणविचार ॲलस्डेअर मॅकिंटायर यांनी १९८१ मध्ये पुन्हा चर्चेत आणला. पुढे २०११ मध्ये डेरेक सेलमन यांनी परिचारिकेच्या सद्गुणांवर ग्रंथ लिहिला. त्यात विश्वासार्हता आणि मोकळे मन यांच्या जोडीला धैर्यही आहे.

हा विचार आपल्याला परका नाही. इब्न मिस्कवैह (मृत्यू १०३०) यांनी 'तहजीबुल अखलाक'मध्ये ॲरिस्टॉटलच्याच वाटेने सांगितले, की भ्याडपणा आणि अविचारी साहस यांच्या मधोमध असते ते धैर्य. ते ज्या अजुदुद्दौलाच्या पदरी होते, त्यानेच बगदादमध्ये दहाव्या शतकातले नामांकित रुग्णालय उभारले.

मोठ्यांपुढे तोंड उघडू नये, हे आपण मुलींना लहानपणापासून शिकवतो. पण मात्रा चुकते आहे असे दिसूनही गप्प राहणे ही अदब नव्हे, तो भ्याडपणा झाला. चारचौघांत डॉक्टरांचा पाणउतारा करणे हेही धैर्य नव्हे. "डॉक्टरसाहेब, मात्रा एकदा पुन्हा पाहता का? मला ती जास्त वाटते," एवढे स्पष्ट आणि वेळेवर बोलता यावे, ही खरी तालीम. आणि ते ऐकून घेण्याची तालीम आपल्या डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलांना हवी.

स्टाइन यांनी १९९० मध्ये सहकाऱ्यांसह याच विषयावर पुन्हा लिहिले. तोवर परिचारिकांनी आपण होऊन तो खेळ सोडला होता, आणि नव्या विद्यार्थिनींना डॉक्टरांशी बरोबरीने बोलण्याचे शिक्षण मिळू लागले होते.