विश्लेषण आणि व्यवहार : १९३६ च्या दोन पुस्तकांच्या निमित्ताने

आपल्या ग्रंथालयात तत्त्वज्ञानाचे कपाट आणि आंबेडकर-साहित्याचे कपाट निरनिराळे आहे. वर्गीकरणाच्या दृष्टीने त्यात वावगे काही नाही. परंतु या अंतरामुळे आपल्या तत्त्वचिंतनाच्या इतिहासातील एक दुवा नजरेआड राहिला, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

१९३६ साली लंडनमध्ये ए. जे. एअर यांचे ‘लँग्वेज, ट्रूथ अँड लॉजिक’ प्रसिद्ध झाले. जे विधान अनुभवाने पडताळता येत नाही, किंवा गणितातील विधानाप्रमाणे केवळ शब्दार्थावरून सत्य ठरत नाही, ते निरर्थक, ही त्यातील कसोटी. नीतिविषयक विधाने तिच्यापुढे भावनांचे उद्गार ठरली. त्याच वर्षी, लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने परिषद रद्द केल्यामुळे न झालेले आपले भाषण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ या नावाने स्वतः छापले. त्यात तत्त्व आणि नियम यांतील भेद मांडला आहे. नियम म्हणजे अमुक प्रसंगी अमुक करावे ही ठरीव आज्ञा. तत्त्व म्हणजे कृतीची पारख करण्याची बौद्धिक रीत. नियम यंत्रवत पाळता येतो. तत्त्वाने चालणाऱ्यास मात्र कृतीची जबाबदारी घ्यावी लागते. हा भेद हाती घेऊन त्यांनी ‘धर्म’ हा शब्द तपासला आणि आपण ज्याला धर्म म्हणतो तो विधिनिषेधांचा संग्रह वस्तुतः कायदा आहे, असे दाखविले. धर्म म्हटले की लोक बदलास तयार होत नाहीत; कायदा बदलता येतो, हे सर्वांस ठाऊक असते.

संकल्पनेचे विश्लेषण याहून निराळे काय असते? फरक इतकाच, की येथे विश्लेषणाला काम होते.

ही रीत आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात जॉन ड्यूई यांच्याकडून आत्मसात केली. गुरूचे ऋण त्यांनी याच भाषणात मान्य केले आहे. ड्यूईंच्या फलप्रामाण्यवादाचे मूळ पर्स यांच्या १८७८ च्या निबंधात आहे: कल्पनेचा अर्थ तिच्या संभाव्य व्यावहारिक परिणामांत शोधावा. ‘सोयीचे तेच सत्य’ असा त्याचा विपर्यास पुष्कळांनी केला. आम्हीही विद्यार्थिदशेत तोच केला होता.

मराठीत विश्लेषक तत्त्वज्ञान रुजविण्याचे श्रेय मे. पुं. रेगे, दि. य. देशपांडे आदींना आहे. ‘नवभारत’ आणि १९९० पासूनचा ‘आजचा सुधारक’ यांनी मराठी वैचारिक गद्याला शिस्त लावली. त्यांचे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. पण आम्ही अध्यापकांनी वर्गात काय केले? ‘फ्रान्सचा विद्यमान राजा टकला आहे’ हे रसेलचे वाक्य वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिले. बीदरच्या मुलांनी त्या टकल्या राजाची निमूटपणे परीक्षेपुरती सेवा केली. खुद्द विश्लेषक परंपरेतील क्वाइन यांनी मात्र १९५१ मध्येच शब्दार्थावरून सत्य आणि अनुभवावरून सत्य या दोहोंमधील भिंतीला सुरुंग लावून आपला कल फलप्रामाण्यवादाकडे असल्याचे सांगितले होते.

आमच्या सीमाभागात या विचाराला उदाहरणे शोधावी लागत नाहीत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली. बीदर आणि गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, त्या वेळच्या म्हैसूर राज्यात आले. वाटणीचा मुख्य आधार भाषा. ‘मातृभाषा’ या शब्दाची व्याख्या करणे वर्गात सोपे आहे. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि शेजारी दखनी, अशा घरातील मुलाच्या बाबतीत मात्र कोणत्या व्याख्येने त्याची शाळा कोणती ठरते, हे विचारावे लागते. बसवकल्याणच्या परंपरेत नुडी आणि नडे, बोल आणि चाल, यांची जोडी प्रसिद्ध आहे. तिच्यावरून शरणांना फलप्रामाण्यवादी ठरविण्याचा उतावीळपणा करू नये; पण या मातीत ड्यूई परका वाटत नाही, एवढे खरे.

अलीकडे मी फळ्यावर राजाऐवजी ‘मातृभाषा’ हा शब्द लिहितो. एकदा भालकीकडच्या एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, अर्जात दोन लिहिल्या तर चालतील का?” अर्ज त्याने सोबतच आणला होता. त्यात रकाना एकच होता.