भाजलेल्या मातीची भिंत : रोगजंतूंपासून सांडपाण्यापर्यंत

१/
नवा माठ पाझरतो, कारण भाजलेल्या मातीत असंख्य सूक्ष्म रंध्रे असतात. याच गुणातून सिरॅमिक मेम्ब्रेन, म्हणजे भाजून घडवलेला सच्छिद्र पडदा, जन्मास आला. आज तो कारखान्यांचे सांडपाणी गाळतो. परंतु त्याचा प्रवास रोगजंतू आणि युरेनियम यांच्या वाटेने झाला आहे.

२/
पॅरिस, १८८४. लुई पाश्चर यांचे सहकारी शार्ल शांबरलाँ यांनी झिलई न दिलेल्या पोर्सेलीनची, एका टोकाला बंद असलेली नळी तयार केली. पाणी भिंतीतून झिरपे. जीवाणू मात्र बाहेरच अडत. आकार मेणबत्तीसारखा. घरगुती फिल्टरमधील अशा नळीला आजही ‘कँडल’ म्हणतात.

३/
रंध्रे तुंबली की नळी ब्रशने घासावी, तापवावी आणि पुन्हा वापरावी. जी वस्तू भट्टीतूनच घडली, तिला उष्णतेचे भय नव्हते. हा टिकाऊपणाच पुढे तिचे खरे भांडवल ठरला.

४/
मात्र या भिंतीलाही मर्यादा होती. १८९२ मध्ये रशियात दिमित्री इव्हानोव्स्की यांनी रोगट तंबाखूच्या पानांचा रस तिच्यातून गाळला. तरीही तो रोगकारकच राहिला. १८९८ मध्ये हॉलंडच्या मार्टिनस बायेरिंक यांनी या अदृश्य कारकाला ‘व्हायरस’ म्हटले. गाळणीतून जे निसटले, त्यातूनच विषाणुशास्त्र उभे राहिले.

५/
विसाव्या शतकात प्रश्न बदलला. नैसर्गिक युरेनियममध्ये विखंडनक्षम युरेनियम-२३५ चे प्रमाण सुमारे ०.७ टक्केच असते. ते वाढवण्यासाठी युरेनियमचे वायुरूप संयुग सच्छिद्र पडद्यातून ढकलले जाई. हलके रेणू जड रेणूंपेक्षा जेमतेम ०.४ टक्के वेगवान. म्हणून ही क्रिया शेकडो टप्प्यांत करावी लागे. पडद्यांची घडण हे राष्ट्रीय गुपित होते.

६/
अमेरिकेने ओक रिज येथे निकेलचे पडदे वापरले. फ्रान्समध्ये त्रिकास्तँ येथे १९७९ साली सुरू झालेल्या प्रचंड प्रकल्पासाठी सिरॅमिक पडदे घडवले गेले. ते काम सरले तेव्हा कौशल्य हाताशी होते, नवी मागणी मात्र नव्हती. १९८० च्या दशकात फ्रेंच उत्पादक दूध, वाइन आणि पाणी गाळण्याकडे वळले.

७/
या पडद्याची रचना साधी आहे. ॲल्युमिनाच्या दांड्यात अनेक पोकळ मार्ग असतात. आधाराचा थर जाड रंध्रांचा, तर मार्गांच्या आतील पृष्ठावरचा थर अतिसूक्ष्म रंध्रांचा. गढूळ पाणी भिंतीवर आदळत नाही. तिला समांतर वेगाने वाहते. त्यामुळे गाळ साचणे मंदावते आणि स्वच्छ पाणी आडवे झिरपून बाहेर पडते.

८/
गरम, तेलकट, आम्लयुक्त सांडपाण्यात प्लास्टिकचे अनेक पडदे लवकर निकामी होतात. सिरॅमिक तग धरते. तीव्र रसायनांनी धुतले तरी त्याला इजा होत नाही. तथापि ते महाग आणि ठिसूळ असते, विरघळलेले क्षार त्यातून निसटतात आणि अडवलेल्या गाळाची विल्हेवाट वेगळी लावावीच लागते.

९/
अधिक किफायतशीर सेंट्रिफ्यूज आल्यावर त्रिकास्तँची जुनी पद्धत २०१२ मध्ये बंद पडली. एकेकाळी गुप्ततेत जपलेली ती कला मात्र आज गटाराकडे निघालेले पाणी पुन्हा वापरात आणते आहे.