उंची ठाऊक, आई अज्ञात : एका आयरिश पोलिसाचा माग

खापरपणजोबा आयर्लंडमध्ये जन्मलेला, पोलिसात भरती झालेला आणि १८५३ च्या सुमारास, सोन्याच्या शोधाने गजबजलेल्या ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया वसाहतीत जाऊन तिथेही पोलिसाचीच वर्दी चढवलेला. मेलबर्नकडच्या अनेक कुटुंबांत असा एक पूर्वज सापडतो. १८७४ साली व्हिक्टोरियाच्या पोलीस दलात पाचांपैकी सुमारे चार जण आयर्लंडमध्ये जन्मलेले होते. अशा माणसाचा माग कसा काढतात, हे या धाग्यात पाहू.

पहिला दुवा लंडनजवळच्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. आयरिश कॉन्स्टेब्युलरीच्या (१८६७ पासून ‘रॉयल’) सेवा-नोंदवह्या तिथे जतन केलेल्या आहेत आणि त्यांत ८० हजारांहून अधिक माणसे आहेत. शिपायाचा क्रमांक, वय, फूट-इंचांत उंची, धर्म, मूळ परगणा, आधीचा धंदा, नेमणुका, बक्षिसे, शिक्षा हे सारे तिथे सापडते. लग्नाची तारीख आणि बायकोचा परगणाही असतो. बायकोचे नाव मात्र नसते. आईबापांचेही नाही!

हा विसराळूपणा नव्हे. शिपायाला स्वतःच्या किंवा बायकोच्या परगण्यात नेमायचे नाही, असा दंडक होता. सोयऱ्याधायऱ्यांवर बंदूक रोखायची वेळ आली तर हात कचरू नये म्हणून. सरकारला तिचा परगणा हवा होता, ती नको होती.

(जाता जाता : हाच साचा आपल्याकडेही आला. चार्ल्स नेपियरने १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर तिथले पोलीस दल आयरिश धर्तीवर उभारले आणि १८५३ मध्ये मुंबई इलाख्याने जिल्हा पोलिसांची रचना सिंधवरून घेतली.)

मग आईचे नाव कुठे शोधावे? आयर्लंडमध्ये सर्व जन्मांची सरकारी नोंद सुरू झाली ती १८६४ पासून, आपला माणूस निघून गेल्यावर. १८२१ ते १८५१ च्या जनगणनांची कागदपत्रे ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धात, डब्लिनच्या फोर कोर्ट्समधील अभिलेखागाराबरोबर बहुतांशी भस्मसात झाली. नंतरच्या चार जनगणना तर सरकारनेच आधी नष्ट केल्या होत्या. १९०१ आणि १९११ च्या उरल्या. पण त्यांतही बराकीतल्या पोलिसांची केवळ आद्याक्षरे लिहिलेली आहेत. घरोघरी जाऊन गणना करणारे हेच पोलीस, आणि स्वतः मात्र अर्धे झाकलेले!

उत्तर सापडते ते समुद्रापार. व्हिक्टोरियाने १८५३ मध्ये जन्म-विवाह-मृत्यूची सरकारी नोंदणी सुरू केली आणि तिचा मृत्यू-दाखला त्या काळाच्या मानाने विलक्षण तपशीलवार होता : बापाचे नाव व धंदा, आईचे माहेरचे आडनाव, जन्मस्थान, वसाहतीत किती वर्षे काढली, लग्न कुठे व कोणाशी, मुलांची नावे. एक सावधगिरी हवी. ही माहिती मृताचा मुलगा किंवा शेजारी देई आणि त्याने आयर्लंडमधली ती आजी कधी पाहिलेलीही नसे. म्हणून ती आडनावे घेऊन, क्यूच्या वहीतील परगण्यात, कॅथलिक धर्मग्रामांच्या बाप्तिस्मा-नोंदींशी ताडून पाहावी लागतात. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ पासून त्या विनामूल्य खुल्या केल्या आहेत.

नावे जुळली तरी एक अवघड प्रश्न उरतो. २६ ऑक्टोबर १८७८ रोजी स्ट्रिंगीबार्क क्रीक येथे नेड केली आणि त्याच्या साथीदारांनी केनेडी, लोनिगन आणि स्कॅनलन या तीन पोलिसांना ठार केले. तिघेही आयर्लंडमध्ये जन्मलेले. केलीचा बापही आयरिशच, हद्दपार झालेला कैदी. पुढच्याच वर्षीच्या, ‘जेरिल्डरी पत्र’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पत्रात केलीने आयरिश पोलिसांना पूर्वजांशी बेइमान ठरवले. हा आरोप आजही काही वंशजांना बोचतो.

मला तो अर्धवट वाटतो. दुष्काळाच्या आयर्लंडमध्ये नियमित पगार आणि पेन्शन देणारी नोकरी शेतकऱ्याच्या धाकट्या मुलाला दुसरी कुठे मिळणार होती? पण तो निखालस खोटाही नाही. जमीनदार कुळांना घराबाहेर काढत, तेव्हा बंदोबस्ताला हीच कॉन्स्टेब्युलरी उभी असे. आपला पूर्वज त्यात होता का? वहीत त्याच्या नेमणुकांचे परगणे आणि तारखा आहेत. १८४७ ते १८५० मधील त्या ओळी त्याच परगण्यातील कुळांच्या हकालपट्टीच्या बातम्यांशेजारी ठेवून वाचाव्या लागतात.