टोमॅटोआधीची चूल

सॉसशिवाय पिझ्झा अपुराच, असं शहरात मानलं जातं. इतिहास उलटा आहे. टोमॅटो अमेरिकेतून युरोपात पोहोचला तो सोळाव्या शतकात; चुलीवरची पोळी त्याच्या आधीची. रोमचा पांढरा पिझ्झा आजही ऑलिव्ह तेल आणि मिठावरच भागवतो. आपल्याकडेही, नाशिक जिल्ह्यातल्या देवळ्याकडे, कसमादे पट्ट्यात, असेच सॉसशिवायचे खापरावरचे मांडे आहेत: पुरण भरलेला सैल उंडा हातांवर झुलवत ताणायचा नि उपड्या, तापल्या खापरावर टाकायचा. मांड्यांचा पूर्वज मंडक बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात भेटतो. कोणी म्हणेल, मिरचीही अमेरिकेचीच, मग आपल्या स्वयंपाकात टोमॅटोच परका कसा? मिरचीने मिऱ्याला मागे सारलं, कारण ती परसात पिकली, स्वस्त पडली. आंबटपणासाठी मात्र चिंच, कैरी, ताक घरात होतंच. म्हणून मिरचीचा ठेचा भाकरीशेजारी कायमचा बसला. टोमॅटो बराच काळ पाहुणाच. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात त्याचे क्रेट चढतात, ही अलीकडची गोष्ट.