अरुंद उजेडाचा हिशेब



दीर्घिकांची रंगीत छायाचित्रे आता दिनदर्शिकांवर आणि मुलांच्या पुस्तकांतही दिसतात. ती पाहून कोणी ना कोणी विचारतोच, ‘हे रंग खरे, की मागाहून भरलेले?’ प्रश्न रास्त आहे. चित्र सुंदर आहे एवढ्यावर ते खरे मानणे म्हणजे पगाराची बेरीज मोठी दिसली म्हणून न तपासता अंगठा उठवण्यासारखे आहे. म्हणून आज आम्ही या रंगांचा इतिहास मांडणार आहोत. त्यातले एक पान पुण्यात लिहिले गेले आहे.

१८६४ साली इंग्लंडात विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातील एका तेजोमेघाचा उजेड लोलकातून पाहिला. ताऱ्याच्या उजेडाचा सलग रंगीत पट्टा पडतो. येथे मात्र अंधारात मोजक्याच झळझळीत रेषा दिसल्या. हा ताऱ्यांचा घोळका नव्हे, विरळ तापलेला वायू आहे, हे त्यांनी ओळखले. देवयानीतील तेजोमेघाचा पट्टा मात्र सलग निघाला. तो मेघ नसून ताऱ्यांची दीर्घिका आहे, हे पुढे कळले. ताऱ्यांचा उजेड रुंद आणि वायूचा अरुंद, हा भेद तेव्हापासून हाती आला.

त्या रेषांतील सर्वांत ठळक हिरवी रेषा कोणत्या द्रव्याची, यावर वाद माजला. नॉर्मन लॉक्यर म्हणत, ती मॅग्नेशियमची. पुण्याच्या सायन्स कॉलेजात कावसजी दादाभाई नायगमवाला हे प्राध्यापक होते. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून तेथे वेधशाळा उभी राहिली होती आणि तीत २० इंची दुर्बीण होती. मॅग्नेशियमच्या पट्ट्याची एक कड पुसट होत जाते. नायगमवाला यांनी मृगातील तेजोमेघाची रेषा तपासली, ती बारीक आणि रेखीव आढळली. १८९१ साली त्यांनी तसे प्रसिद्ध केले. लॉक्यर यांच्या मताला तो धक्का होता. १९१२ साली ती वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. रेषेचे कोडे १९२७ साली आयरा बोवेन यांनी सोडवले : दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन अतिविरळ अवस्थेत हा उजेड देतो. त्याची तरंगलांबी ५००.७ नॅनोमीटर. हायड्रोजनची लाल रेषा ६५६.३ वर पडते. दीर्घिकांचे आजचे छायाचित्रकार मुख्यतः याच दोन रेषा पकडतात.

त्या पकडायच्या कशा? साधा लाल फिल्टर सुमारे १०० नॅनोमीटर रुंदीचा उजेड आत घेतो. त्यात हायड्रोजनची रेषा असते, पण ताऱ्यांच्या उजेडात ती बुडून जाते. अरुंद फिल्टर ३ ते ७ नॅनोमीटरच घेतो. रेषा पूर्ण येते, ताऱ्यांचा उजेड थोडाच येतो. परंतु थोडा येतोच. तोही काढायचा तर वजाबाकी करावी लागते.

कामगारांना आम्ही हे असे समजावतो. एका पाकिटात मूळ पगार आणि जादा कामाचे पैसे एकत्र आहेत. दुसऱ्यात जवळजवळ मूळ पगारच आहे. दुसरे पहिल्यातून वजा केले की जादा कामाचा आकडा मिळतो. मात्र दोन्ही पाकिटे सारख्याच दिवसांची नसतील, तर आधी प्रमाण जुळवावे लागते. येथे प्रमाण जुळवायला साधे तारे उपयोगी पडतात : वजाबाकीनंतर ते नाहीसे झाले की हिशेब जुळला. फार वजा केले तर ताऱ्यांच्या जागी काळे खड्डे पडतात आणि वायूचा खरा उजेडही कापला जातो. कमी वजा केले तर ताऱ्यांचाच उजेड वायूच्या नावावर चढतो.

फिल्टर निवडतानाही जपावे लागते. देवयानी दीर्घिका सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येते, म्हणून तिची लाल रेषा सुमारे ०.६५ नॅनोमीटर निळ्या बाजूला सरकते. एवढे चालून जाते. पण ३००० किलोमीटर वेगाने दूर जाणाऱ्या दीर्घिकेची रेषा साडेसहा नॅनोमीटर सरकते. तेथे ६५६.३ वर बसवलेला ३ नॅनोमीटरचा फिल्टर रात्रभर लावला तरी रेषा हाती लागत नाही.

या पद्धतीने काय साधले? १९६३ साली लिंड्स आणि सँडेज यांनी सप्तर्षींतील एम ८२ या दीर्घिकेचा अभ्यास प्रसिद्ध केला. पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीतून हायड्रोजनच्या उजेडात घेतलेल्या छायाचित्रांत दीर्घिकेच्या वर-खाली वायूचे धागे फेकलेले दिसले. गाभ्यात स्फोट झाला, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आज आपण जाणतो की तेथे झपाट्याने तारे जन्मत आहेत आणि त्यांच्या वाऱ्यांनी व स्फोटांनी वायू बाहेर ढकलला जात आहे. धागे खरे ठरले, त्यांचा अर्थ मात्र बदलावा लागला. चित्र आणि चित्राचा अर्थ या दोन गोष्टी निराळ्या ठेवाव्यात, हा धडा आम्ही यातून घेतो.

२०२२ साली ड्रेक्सलर, स्ट्रॉटनर आणि सेंटी या हौशी आकाशनिरीक्षकांनी शंभराहून अधिक तासांचा उजेड साठवून देवयानीशेजारी ऑक्सिजनची सुमारे दीड अंश लांबीची कमान शोधली. ही लांबी चंद्राच्या तिप्पट. ज्या दीर्घिकेची हजारो छायाचित्रे निघाली, तिच्या शेजारी ती कोणाला दिसली नव्हती. कारण त्या अरुंद उजेडात इतका वेळ कोणी थांबलेच नव्हते. ती कमान देवयानीची, की वाटेत आपल्याच आकाशगंगेतली, हे मात्र चित्र सांगत नाही. चित्र दिशा दाखवते, अंतर नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. रंग खरे की भरलेले? लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरांतून ताऱ्यांचा उजेड येतो. त्यावर हायड्रोजनचा लाल आणि ऑक्सिजनचा निळसर हिरवा चढवला जातो. उजेड खराच असतो. तो किती वाढवायचा हे माणूस ठरवतो. यात लबाडी नाही, पण जबाबदारी आहे. कोणता फिल्टर, किती तास, किती वजा केले, किती वाढवले, एवढे जो चित्राखाली लिहितो, त्याचे चित्र आम्ही पुरावा म्हणून घेऊ. जो लिहीत नाही, त्याचे भिंतीवर जरूर लावावे. साक्षीला मात्र बोलावू नये.